तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश: पोटाची चरबी कमी करायला ‘इंटरव्हल’ चालणं कितपत उपयोगी?

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी गावोगाव पहाटे रस्त्यावर दिसतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. सरावात ती सलग धावत नाहीत. एक फेरी जोरात मारतात, मग दम खात सावकाश चालतात आणि पुन्हा जोरात पळतात. याला ती ‘इंटरव्हल मारणं’ म्हणतात. हाच शब्द आता मोबाईलवरच्या रील्समधून चाळिशी-पन्नाशीच्या माणसांपर्यंत पोचला आहे. ‘रोज चार मिनिटांत चरबी जाळा’, ‘सात दिवसांत पोट आत’ असले दावे त्यात असतात. पोट सुटलेला, बीपीची गोळी चालू असलेला गडी ते बघतो आणि दुसऱ्या दिवशी एकदम पळायलाच लागतो. आठवड्यात गुडघा धरतो, नाहीतर छातीत धडधड झाली म्हणून घाबरून सगळंच सोडून देतो.

पद्धतीत दम आहे. पण ती वीस वर्षांच्या पोराला जशी लागू होते तशीच्या तशी पन्नाशीच्या माणसाला होत नाही. चरबी नेमकी कशी कमी होते, इंटरव्हलने किती फरक पडतो, सुरुवात कशी करायची आणि कुणी आधी दवाखाना गाठायचा, हे समजून घेतलं तर पैसे न घालता फायदा होऊ शकतो.

शेतात राबतो, मग पोट का सुटतं?

लठ्ठपणा हा शहराचा आजार, असं अजूनही गावात बोललं जातं. आकडे वेगळं सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या जवळपास दर पाच प्रौढांमागे एकाचं वजन जास्त आढळलं. बायका आणि पुरुष दोघांचंही प्रमाण सारखंच निघालं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या मधुमेह सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. त्यात देशातल्या ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर जास्त निघाला आणि ११.४ टक्के लोकांना मधुमेह होता.

कारण शोधायला लांब जायला नको. नांगरट, पेरणी, मळणी ट्रॅक्टरवर आणि मशीनवर गेली. खुरपणीच्या जागी तणनाशक आलं. मोटार चालू करायला विहिरीवर जावं लागत नाही, मोबाईलवरून स्टार्टर चालतो. वस्तीवरून गावात यायचं तर दुचाकी आहे. काम आहे, दगदग आहे, डोक्याला ताप आहे, पण सलग अर्धा तास दम लागेल अशी हालचाल मात्र बऱ्याच बागायतदारांच्या दिवसात उरलेली नाही. जेवण मात्र आजोबाच्या काळातल्या कष्टाच्या मापानं चालू आहे, वर फरसाण, बिस्किटं आणि गोड चहाची भर पडली आहे.

दिवसभर खुरपणीला, ऊसतोडीला, बांधकामावर जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्या अंगावर श्रम पुरेसे आहेत. हा लेख ज्यांचं बसणं वाढलं आहे त्यांच्यासाठी आहे.

बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी

आपल्याकडच्या माणसाच्या शरीराची एक खोड आहे. हातपाय बारीक, पण पोटात चरबी. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापून हे दाखवलं. उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. पण मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली.

म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगते. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका सुरू झाला असं धरतात. कातडीखालची चरबी हाताच्या चिमटीत येते. त्याहून वाईट ती आतड्यांच्या आणि यकृताच्या भोवती साठलेली चरबी. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराशी तिचं जास्त जवळचं नातं आहे.

चरबी ‘जळते’ म्हणजे काय होतं?

शरीरात इंधनाचे दोन मुख्य साठे असतात. एक ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. हा साठा साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. दुसरा साठा चरबीचा, तो कित्येक किलोंचा असतो. घरातल्या हिशेबानं सांगायचं तर ग्लायकोजेन म्हणजे पिठाचा डबा आणि चरबी म्हणजे धान्यानं भरलेली कणगी. घाईत भाकरी टाकायची असेल तर डब्यातलं पीठ घेतात, कणगी उघडून दळण आणायला वेळ लागतो. शरीरही तेच करतं. सावकाश चालताना त्याला सवड असते, म्हणून इंधनात चरबीचा वाटा मोठा असतो. जोरात पळताना लगेच ताकद लागते, तेव्हा साखर जास्त वापरली जाते.

इथंच लोकांचा गोंधळ होतो. ‘सावकाश चाललं तरच चरबी जळते’ असं काही जण सांगतात. वाटा मोठा असला तरी सावकाश चालण्यात एकूण खर्चच कमी असतो. जोरात केलेल्या व्यायामात डबा रिकामा होतो आणि तो पुन्हा भरेपर्यंत पुढचे काही तास शरीर कणगीकडं वळतं. व्यायामानंतरही थोडा वेळ श्वास आणि खर्च चढा राहतो, पण रील्समध्ये सांगतात तसा तो दिवसभर भट्टी पेटवून ठेवत नाही. हा जादा खर्च थोडाच असतो. शेवटी हिशेब दिवसाचा आणि महिन्याचा लागतो: खाल्लं किती, खर्चलं किती.

जळलेली चरबी जाते कुठं, हाही प्रश्न बरेच जण विचारतात. घामातून जाते, असं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये त्याचा रासायनिक हिशेब मांडला. १० किलो चरबी पूर्ण वापरली गेली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी बाहेर पडायचा मुख्य रस्ता नाक आणि तोंड. पोटाला प्लास्टिक गुंडाळून किंवा घामाचा पट्टा बांधून जे वजन कमी दिसतं ते पाणी असतं. तांब्याभर पाणी प्यालं की ते परत येतं. उन्हाळ्यात तर हा प्रकार अंगाशी येऊ शकतो.

ही पद्धत आली कुठून?

इंटरव्हलचा सराव मुळात खेळाडूंचा. १९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी तो शास्त्रशुद्ध मांडला. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारून असाच सराव करायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली.

चार मिनिटांचा जो प्रकार मोबाईलवर फिरतो तो जपानच्या इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासातून आलेला. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबून, अशा सात-आठ फेऱ्या. पण तो प्रयोग तरुण, आधीच व्यायामाची सवय असलेल्या मुलांवर झाला होता आणि त्यात दमछाक किती वाढते हे बघितलं होतं. वजन जास्त असलेल्या माणसाची चरबी घटवायचा तो प्रयोग नव्हताच.

घरातल्या माणसांच्या कामाचा प्रयोग जपानमधलाच, पण दुसरा आहे. मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठाच्या हिरोशी नोसे यांच्या गटानं २४६ लोकांना पाच महिने तपासलं. त्यांचं सरासरी वय साठीच्या पुढं होतं. एका गटानं रोजच्या मध्यम वेगानं चालायचं. दुसऱ्यानं तीन मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं सावकाश अशा पाच किंवा जास्त फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस तरी करायच्या. २००७ मध्ये निकाल छापून आला. इंटरव्हलवाल्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद १३ ते १७ टक्क्यांनी वाढली, दम ८-९ टक्क्यांनी वाढला आणि वरचा रक्तदाबही दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरला. यात कुणी धावलं नव्हतं, सगळे चाललेच होते.

चरबीवर फरक किती पडतो?

१९९४ मध्ये कॅनडातल्या लावाल विद्यापीठात तरुणांवर केलेल्या अभ्यासात इंटरव्हल करणाऱ्यांनी सलग व्यायाम करणाऱ्यांपेक्षा निम्म्याहून कमी ऊर्जा खर्चली, तरी त्यांची कातडीखालची चरबी जास्त घटली. तेव्हापासून या पद्धतीचा गाजावाजा सुरू झाला.

डेन्मार्कमध्ये मधुमेह असलेल्या लोकांवर चार महिने चालण्याचाच प्रयोग झाला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एक गट तास-तासभर एकसारखा चालला, दुसरा तीन-तीन मिनिटांच्या इंटरव्हलनं. दोघांची ऊर्जा सारखीच खर्च होईल अशी आखणी होती. इंटरव्हलच्या गटाचं वजन सरासरी ४ किलोच्या आसपास उतरलं, पोटातली चरबी घटली आणि साखर सुधारली. एकसारखं चालणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. पण दोन्ही गटांत मिळून माणसं होती फक्त २४. तेवढ्यावर मोठा दावा करता येत नाही.

म्हणून अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष जास्त भरवशाचा. २०१७ मध्ये वजन जास्त असलेल्या प्रौढांवरचे १३ अभ्यास असे एकत्र तपासले गेले. साधारण दहा आठवड्यांत अंगातली चरबी सुमारे दोन किलोनं आणि पोटाचा घेर सुमारे तीन सेंटिमीटरनं कमी झाला. इंटरव्हलवाल्यांत आणि सलग व्यायाम करणाऱ्यांत फरक जवळपास नव्हता. फरक होता तो वेळेचा. इंटरव्हलवाल्यांना सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला. वजनकाट्यावर मात्र दोन्हीकडं फारसा बदल दिसला नाही.

थोडक्यात, इंटरव्हलमध्ये चरबी वितळवायची वेगळी जादू नाही. कमी वेळात तेवढंच काम होतं आणि दम वाढतो. ज्याला रोज तासभर निवांत चालायला मिळतं, त्यानं तसं चाललं तरी चालतंय. ज्याला अर्धाच तास मिळतो, त्याला इंटरव्हल सोयीचं. आणि दोन्हीत एका आठवड्यात पोट आत जात नाही.

चहाच्या कपाचा हिशेब

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. ८० किलोच्या माणसानं अर्धा तास इंटरव्हल चालणं केलं तर अंदाजे १५० ते २०० कॅलरी खर्च होतात. आठवड्यात पाच दिवस केलं तरी नुसत्या चालण्यानं एक किलो चरबी उतरायला दोन महिने लागतात.

आता दुसरी बाजू बघा. गावात दिवसाला पाच चहा सहज होतात. कपात दोन चमचे साखर धरली तर दिवसाची ५० ग्रॅम साखर झाली. तिच्या २०० कॅलरी. दूध वेगळंच. सकाळी घाम गाळून जेवढं घालवलं तेवढं चहाच्या टपरीवर परत आलं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत साधारण १७० कॅलरी असतात. फोडणीतलं चमचाभर तेल ४५ कॅलरीचं. शेंगदाणे किंवा तेल वाईट असं नव्हे, पण व्यायाम सुरू केला म्हणून ताट वाढवलं तर घेर हलत नाही. चहात अर्धी साखर आणि अर्धा तास चालणं, ही जोडी एकट्या चालण्यापेक्षा जवळपास दीडपट काम करते. भाकरी बंद करायची गरज नाही. तिच्याबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी वाढली आणि रात्रीचं जेवण जरा हात राखून झालं तरी पुष्कळ.

सुरुवात कशी करायची?

पहिले दोन आठवडे इंटरव्हल नकोच. रोज २० ते ३० मिनिटं साधं चाला. पायाला, टाचेला, गुडघ्याला सवय होऊ द्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाच मिनिटं सावकाश चालून अंग मोकळं करा. मग एक मिनिट झपाझप, दोन मिनिटं सावकाश, अशा सहा फेऱ्या. शेवटी पाच मिनिटं सावकाश. एकदम थांबून बसू नका, चक्कर येते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन मिनिटं जोरात, दोन-तीन मिनिटं सावकाश, पाच फेऱ्या. ते जमलं की तीन-तीन मिनिटांवर या. आठवड्यात चार-पाच दिवस पुरेत. ज्या दिवशी शेतात जड काम झालं, त्या दिवशी सुट्टी.

जोरात म्हणजे किती? घड्याळाची गरज नाही, बोलून बघा. सावकाश टप्प्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. जोराच्या टप्प्यात तीन-चार शब्द बोललं की मध्ये श्वास घ्यावा लागला पाहिजे. एक शब्दही फुटत नसेल तर वेग कमी करा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीचे ठोके दबून राहतात, म्हणून ठोके मोजण्यापेक्षा हीच खूण बरी. तीन मिनिटं मोजायला पहिल्या दिवशी मोबाईल लावा आणि तेवढ्या वेळात विजेचे किती खांब जातात ते बघून ठेवा. पुढं खांब मोजले की झालं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, वर दोन दिवस ताकदीचा व्यायाम. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस करा, भिंतीला हात लावून जोर काढा. पोटाच्या बैठका काढून फक्त पोटाचीच चरबी जात नाही. त्यानं पोटाचे स्नायू बळकट होतात एवढंच. चरबी सगळ्या अंगातून कमी होते.

यांनी आधी तपासणी करावी

चालताना छातीत दाब येतो, जिना चढताना वाजवीपेक्षा जास्त धाप लागते, अधूनमधून चक्कर येते, अशांनी इंटरव्हल सुरू करू नये, आधी डॉक्टर गाठावा. हृदयविकार झालेले, बीपी ताब्यात नसलेले, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास असलेले आणि गरोदर बायका यांनीही विचारल्याशिवाय जोराचा व्यायाम करू नये. चाळिशीच्या पुढचा, तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असलेला, घरात हृदयविकाराचा इतिहास असलेला माणूस धडधाकट दिसला तरी त्यानं एकदा तपासून घ्यावं.

तपासणीला तालुक्याला जायलाच पाहिजे असं नाही. आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे पूर्वीचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, इथं ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी आणि साखरेची तपासणी मोफत करायची तरतूद आहे. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात त्यात पोटाच्या घेराचीही नोंद असते. त्यांना टाळू नका.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी जोरात चालल्यावर साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणं, घाम, गरगरणं ही तिची लक्षणं. खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवा. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर चप्पल नको, बूट-मोजे घाला आणि घरी आल्यावर तळपाय बघा. जखम कळत नाही आणि चिघळते.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी असल्याचं याच सर्वेक्षणात आढळलं. थोडं चाललं की धाप लागते तेव्हा कारण वजनाचं नसून रक्ताचं असू शकतं. हिमोग्लोबिन तपासा, मग वेग वाढवा.

चालताना छातीत आवळल्यासारखं झालं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, थंड घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका. तिथंच बसा आणि १०८ ला फोन करा.

गावातल्या अडचणी

रस्त्याला पदपथ नसतो आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. उजव्या बाजूनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला. अंगात पांढरा किंवा फिकट रंगाचा कपडा आणि हातात बॅटरी असू द्या. बॅटरी पावसाळ्यात साप-विंचवासाठीही लागते. शाळेचं मैदान, कॅनॉलची बाजूपट्टी किंवा मंदिराभोवतीची मोकळी जागा रस्त्यापेक्षा बरी.

बायकांना एकटीनं पहाटे बाहेर पडणं सोपं नाही, लोक बघतात, बोलतात. बचत गटाच्या चार-पाच जणी मिळून निघाल्या की बोलणारे गप्प होतात. तेही जमत नसेल तर अंगणात किंवा गच्चीवर फेऱ्या मारता येतात. पद्धत तीच.

वारी करणाऱ्यांना यातलं काही नवीन वाटायचं नाही. दिवसभराची चाल, मध्येच विसावा, वेळापूरजवळ माउलींच्या पालखीपुढचा धावा, पुन्हा चाल. शरीराला असा चढ-उतार झेपतो, फक्त त्याची सवय हळूहळू लागावी लागते. वर्षभर गाडीवर बसून एकाच दिवशी धावायला गेलं की दुखणं मागं लागतं.

मोजायचं काय?

वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. वर सांगितल्याप्रमाणे चरबी घटूनही काटा हलत नाही आणि माणूस नाराज होऊन सोडतो. शिंप्याची टेप घ्या. सकाळी, पोट साफ झाल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून घेर मोजा. पोट आत ओढू नका. आकडा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढची मोजणी एक महिन्यानं आणि मग दहा आठवडे झाल्यावर.

दहा आठवड्यांत दोन-तीन सेंटिमीटर कमी झाले, तर समजा चांगलं चाललं आहे. झाले नाहीत, तर आधी चहाची साखर आणि रात्रीचं ताट बघा, मग जोराचा टप्पा खरंच जोरात होतो का ते बघा. बीपी किंवा साखरेची गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती कमी करायची की नाही हे डॉक्टर नवीन तपासणी बघून ठरवतील.